मळ काढला तरी कान पुन्हा पुन्हा का बंद होतो?

तक्रार ठरलेली असते. कान गच्च झाला, डॉक्टरकडं जाऊन मळ काढून घेतला, त्या दिवशी घरातल्या पंख्याचा आवाजसुद्धा नवा वाटला, आणि चार-सहा महिन्यांत कान होता तसा. पुन्हा थेंब, पुन्हा पिचकारी. काही जणांचं हे वर्षानुवर्षं चालू असतं. "आमच्या कानात मळच लई होतो" म्हणायचं आणि विषय सोडून द्यायचा.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं मेडिकल आहे. कानाचे थेंब आणि कापसाच्या काड्या, म्हणजे आपण ज्यांना बड्स म्हणतो त्या, माझ्याकडं शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि बऱ्याच वेळा एकच गिऱ्हाईक दोन्ही घेऊन जातं. ही पोस्ट त्याच गिऱ्हाइकासाठी आहे. बड्स मी विकतो, तरीही सांगतो, की पुन्हा पुन्हा भरणाऱ्या कानाचं कारण बहुतेक वेळा त्या पाकिटात सापडतं.

मळ खरोखर जास्त तयार होणारे लोक थोडे. बाकीच्यांचा मळ इतरांएवढाच होतो, पण बाहेर पडायच्या वाटेत कुठंतरी अडतो. कुठं अडतो ते कळलं की उपाय आपोआप ठरतो. त्यासाठी कान आतून कसा चालतो ते थोडं बघावं लागेल.

कानाची आपली व्यवस्था

मोठ्या माणसाच्या कानाची नळी पडद्यापर्यंत साधारण अडीच सेंटिमीटर असते. तिचा बाहेरचा तिसरा हिस्सा मऊ कुर्चेचा. केस, तेलाच्या ग्रंथी आणि मळाच्या ग्रंथी या सगळ्या इथंच. आतले दोन हिस्से हाडाचे, त्यावरची कातडी कागदासारखी पातळ, आणि तिथं मळ तयारच होत नाही. डॉक्टर जेव्हा म्हणतात की मळ पार पडद्याला टेकलाय, तेव्हा तो बहुतेक वेळा बाहेरून कुणीतरी ढकललेला असतो.

या नळीच्या कातडीचं एक वेगळेपण आहे. अंगावरची बाकीची कातडी जागच्या जागी झडते. कानातली मात्र पडद्याच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेनं सरकत येते, जवळजवळ नख वाढतं त्या गतीनं. मेलेली कातडी, धूळ, ग्रंथींचा चिकट स्राव असं सगळं तिच्यावर बसून दाराशी येतं. भाकरी चावताना, बोलताना, जांभई देताना जबडा हलतो, त्याचाही हातभार लागतो. दाराशी आलेलं आंघोळीत धुऊन जातं किंवा उशीवर गळून पडतं. आपल्याला पत्ताही लागत नाही.

मळ किंचित आम्लधर्मी असतो. त्यामुळं जंतूंना आणि बुरशीला कानात सहजासहजी बस्तान बसवता येत नाही. त्यातल्या तेलकटपणामुळं पाणी कातडीत मुरत नाही. घासून घासून कोरडा ठाक केलेला कान म्हणूनच आधी खाजतो, आणि पावसाळ्यात तोच आधी बिघडतो. डॉक्टरनं तपासून "थोडा मळ आहे, राहू द्या" म्हटलं तर हट्ट करून काढून घेऊ नका. ऐकू नीट येतंय, दुखत नाही, पडदा दिसतोय, म्हणजे त्या मळाची काही तक्रार नाही.

काहींचा मळ ओला, तपकिरी, चिकट असतो. काहींचा सुका, करड्या पापुद्र्यांसारखा. हे जन्मानंच ठरतं. यामागचं जनुक जपानी संशोधकांनी २००६ मध्ये शोधून काढलं. आपल्या देशात दोन्ही तऱ्हेचे कान आहेत. नवऱ्याच्या कानातून निघतो तसा मळ बायकोच्या कानातून निघत नाही म्हणून काळजी करत बसायची गरज नाही.

अडतंय कुठं, ते आधी शोधा

सगळ्यात पहिला संशय काडीवर घ्या. बड्सच पाहिजेत असंही काही नाही. काडीपेटीची काडी, उदबत्तीची उरलेली काडी, केसांचा आकडा, मोटारसायकलची किल्ली, पेनाचं टोपण, पीळ दिलेला टॉवेलाचा कोपरा, यातलं काय कानात जात नाही ते सांगा. किल्ली तर लोक बोलता बोलता घालतात, आपण काय करतोय हे त्यांच्या ध्यानातही नसतं.

काडी आत जाते तेव्हा कापसाला लागून थोडा पिवळा मळ बाहेर येतो आणि माणूस खूश होतो. जो आला नाही तो ट्रॉलीत कापूस तुडवून भरावा तसा आत दाबला गेलेला असतो. ज्या हाडाच्या भागात मळ होतच नाही तिथं तो जाऊन बसतो, आणि तिथून परतीची वाट अवघड. रोज थोडा थोडा दाबत गेलं की पाच-सहा महिन्यांत बूच तयार. डॉक्टरनं काढलं, पुन्हा काडी सुरू, पुन्हा बूच. हेच ते चक्र.

आणि हे चक्र खाजेवर चालतं. काडीनं तेलकट थर निघतो, कातडी कोरडी पडते, खाज सुटते, खाजेला पुन्हा काडी. काडीचा ओरखडा निघाला की त्यात जंतू शिरतात, मग खाज आणि दुखणं दोन्ही. कान कोरताना खोकला येतो, हा अनुभव पुष्कळांना असेल. मेंदूतून निघून घसा, छाती, पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नावाच्या शिरेचा एक फाटा कानाच्या नळीत येतो, तो डिवचला की खोकल्याची उबळ येते. खोकला आला म्हणजे काडी पाहिजे त्यापेक्षा आत गेली आहे, एवढं समजून घ्या.

कापसाची काडी १९२० च्या दशकात अमेरिकेत बाळांच्या निगेसाठी निघाली. "कानाच्या नळीत घालू नका" अशी सूचना १९७० च्या दशकापासून पाकिटावर छापली जाते. आपल्याकडं १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या दांडीचे बड्स बंद झाले आणि कागदाचे, बांबूचे आले. गिऱ्हाइकाला वाटतं की बांबूचे म्हणजे चांगले. मातीला चांगले असतील, कानाला दोन्ही सारखेच.

काडी एकदम सुटत नाही, हे मलाही माहीत आहे. खाजेचं कारण शोधलं तर सुटते. डोक्यात कोंडा असेल तर तोच प्रकार कानाच्या तोंडाशी असू शकतो. मग कोंड्यावर औषध घेतलं की कानही निवतो. नवीन केसकाळं लावल्यापासून खाज आहे का? शाम्पू बदलला का? कानातल्या दागिन्याच्या धातूनं पाळी लाल होते का? यातलं काही नसेल आणि पावसाळ्यात खाज अनावर होत असेल, तर बुरशी आहे का ते डॉक्टरला बघू द्या. खाजेसाठी मेडिकलमधून मलम नेऊन बोटानं आत लावणं हा उपाय नाही, आणि मागितलं तरी मी देत नाही.

इअरफोन, मशीन आणि कंपनीतले प्लग

कानात बसणारी कुठलीही वस्तू मळाची बाहेर यायची वाट अडवते. लातूरच्या ट्यूशन एरियात पोरं दिवसभर रबरी बोंडाचे इअरफोन घालून लेक्चर ऐकतात, रात्री तेच कानात ठेवून झोपतात. त्यांचा मळ दाराशी येतो आणि पुन्हा आत ढकलला जातो. उपाय साधा. कानावर बाहेरून बसणारा हेडफोन घ्या, नाहीतर तासा-दीड तासानं इअरफोन काढून कान मोकळा ठेवा. रबरी बोंडं काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळल्यावरच लावा. आणि मित्राचे इअरफोन आपल्या कानात घालू नका.

जालन्याच्या स्टील कारखान्यांत, वाळूजच्या कंपन्यांत आवाजापासून बचावासाठी फोमचे प्लग देतात. कान भरतो म्हणून प्लग काढून काम करणारे आहेत. असं अजिबात करू नका. मळ आज ना उद्या काढता येतो, आवाजानं गेलेली ऐकण्याची ताकद परत येत नाही. कान सारखा भरत असेल तर बाहेरून झाकणारे इअरमफ मागून घ्या. प्लगच वापरावे लागत असतील तर हात धुऊन घाला आणि वर्षातून एक-दोनदा कान तपासून घ्या.

श्रवणयंत्र लावणाऱ्यांचं दुखणं थोडं निराळं. मशीन शिट्टी मारायला लागतं किंवा आवाज बारीक होतो. घरचे म्हणतात सेल गेला, सेल बदलला तरी तेच. पुष्कळदा मळ मशीनच्या टोकाच्या जाळीत बसलेला असतो, नाहीतर कानच भरलेला असतो आणि आवाज मळावर आपटून मागं फिरतो. मशीन दुरुस्तीला पाठवायच्या आधी कान दाखवा. टोकाचा फिल्टर बदलायचा असतो आणि मशीनबरोबर आलेल्या बारीक ब्रशनं रोज रात्री जाळी झटकायची असते, हे विकणारा सांगतो, पण नातवानं ऐकलेलं असतं आणि आजोबांना माहीत नसतं.

वय झालं म्हणजे

साठीनंतर ग्रंथी आटतात, मळ सुका आणि कडक होतो, पुरुषांच्या कानात जाड केस वाढतात. अशा मळाला सरकायला ओलावा मिळत नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्ये सुधारून काढलेल्या मार्गदर्शिकेत त्रास देणाऱ्या मळाचं प्रमाण असं दिलंय: मुलांत दहातल्या एकाला, मोठ्या माणसांत विसातल्या एकाला आणि म्हाताऱ्या माणसांत तिनातल्या एकापेक्षा जास्त जणांना.

आबांना हाक मारली की "ऑं?" म्हणतात, टीव्ही गल्लीला ऐकू जातो, फोन नातवाच्या हातात देतात. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलेलं असतं की आता वय झालं. असेलही. पण मशीनच्या चौकशीला जायच्या आधी एकदा कानात उजेड टाकून बघायला काय जातं? एका गिऱ्हाईक मावशीनं मला सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत लिहितो: "ह्यांच्या कानातून शेंगदाण्याएवढा खडा निघाला हो भाऊ, अन्‌ घरी आल्यावर म्हणायलेत, तू एवढ्या जोरात का बोलायलीस?"

काहींच्या कानाची घडणच आडवी येते. नळी अरुंद, वाकडी, किंवा आत हाडाचा उंचवटा. काहींना इसब किंवा सोरायसिस असतो आणि कातडी भरपूर झडते. त्यांनी काडी कधी लावली नाही तरी कान भरतो. यात कुणाची चूक नाही. ठरावीक मुदतीनं तपासून घेणं हाच त्यांचा उपाय.

हालरवर, म्हणजे मळणीयंत्रावर, सोयाबीन किंवा तूर काढताना, जिनिंगमध्ये, डाळमिलमध्ये काम करणाऱ्यांचा मळ काळपट आणि घट्ट दिसतो. मळानं धूळ पडद्यापर्यंत जाऊ दिली नाही, म्हणून तो तसा दिसतो. काम चालू असताना उपरणं किंवा स्कार्फ कानावरून बांधा. संध्याकाळी हात-तोंड धुताना ओल्या रुमालानं पाळी, पाळीमागची घडी आणि कानाचं तोंड पुसा. बोट रुमालासकट जेवढं सहज जाईल तेवढंच.

पण हा मळच आहे का?

इथं जरा थांबून वाचा. मेडिकलवर येऊन "मळाचे थेंब द्या" म्हणणाऱ्या सगळ्यांना मळच झालेला असतो असं नाही.

मळाचा त्रास सहसा हळूहळू वाढतो, नाहीतर डोक्यावरून आंघोळ केल्यावर, विहिरीत नाहीतर गोदावरीत पोहून आल्यावर एकदम जाणवतो, कारण मळ पाणी पिऊन फुगतो. कान भरल्यासारखा वाटतो, आपलाच आवाज डोक्यात घुमतो. पाण्याचं काही निमित्त नसताना, सकाळी उठल्यावर एका कानानं एकदम ऐकू येईनासं झालं असेल, सोबत सूं सूं आवाज किंवा चक्कर असेल, तर ती ऐकण्याच्या नसेची तातडीची अडचण असू शकते. त्यावर स्टेरॉइडचा उपचार असतो आणि तो जितका लवकर सुरू होईल तितका बरा. पहिले दिवस मोलाचे, दोन आठवडे उलटले की फायदा घटत जातो. हे दिवस थेंब टाकून मळ निघायची वाट बघण्यात गेले तर ते भरून येत नाहीत.

घरी एक ढोबळ परीक्षा करता येते. ओठ मिटून मोठ्यानं "म्‌ऽऽऽ" असा सूर धरा. आधी चांगल्या कानावर एका बोटानं झाकण लावून बघा, सूर त्याच कानात मोठा वाटेल. कारण बाहेरचा आवाज अडला की हाडातून आलेला आवाज तिथं जास्त घुमतो. आता बोट काढा आणि पुन्हा सूर धरा. बंद कानात तो मोठा वाटला, तर अडथळा मळाचा किंवा पडद्यामागच्या पाण्याचा असण्याची शक्यता जास्त. चांगल्या कानात मोठा वाटला आणि बंद कान मुका राहिला, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरला गाठा. ही परीक्षा डॉक्टरची जागा घेत नाही. घाई करायची की नाही, एवढं तिच्यावरून ठरवता येतं.

सर्दीनंतर कान बंद झाला असेल तर दोष बहुधा नाक आणि कान जोडणाऱ्या नळीचा असतो, तिथं मळाच्या थेंबांचा काही उपयोग नाही. भयंकर खाज, आतून पांढरट पापुद्रे आणि त्यावर काळे ठिपके असतील तर बुरशी. पू किंवा वास येणारं पाणी येत असेल, लहानपणी कान वाहत होता, पडद्याला भोक आहे असं कधी कुणी सांगितलंय, कानाचं ऑपरेशन झालंय, तर या पोस्टमधले घरचे उपाय तुमच्यासाठी नाहीत. एकाच कानानं ऐकू येणाऱ्यानं त्या एकुलत्या कानावर घरी कुठलाच प्रयोग करू नये.

घरी करता येईल ते

पडदा शाबूत आहे, दुखत नाही, वाहत नाही, त्यांनी मळ मऊ करावा. मऊ करावा, उकरू नये.

साधं खोबरेल, ऑलिव्ह तेल किंवा बदामाचं तेल चालतं. लसूण जाळलेलं, कडकडीत तापवलेलं, त्यात काही उगाळलेलं नको. कानाची भाजलेली नळी मी पाहिली आहे, दोन थेंब गरम तेल एवढं करून जातं. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत खोबरेल गोठतं. बाटली चुलीवर धरू नका, मुठीत धरा नाहीतर पाच मिनिटं खिशात ठेवा. थेंब मनगटावर टाकून बघा, ना गार ना गरम वाटला की झालं.

बंद कान वर करून कुशीवर पडा. पाळी वर आणि मागं ओढा, म्हणजे नळी सरळ होते. दोन-तीन थेंब टाका, कानासमोरचा छोटा कोंब बोटानं चार वेळा दाबा, हवा निघून तेल आत उतरतं. पाच-दहा मिनिटं तसंच पडून राहा. उठल्यावर बाहेर येईल ते पुसा, कापसाचा बोळा आत ठासू नका, तो सगळं तेल पिऊन टाकतो. दिवसातून दोन-तीन वेळा, तीन ते पाच दिवस.

दुकानातल्या थेंबांत आपल्याकडं सर्रास मिळणारं मिश्रण पॅराडायक्लोरोबेंझिन २ टक्के, बेंझोकेन २.७ टक्के, क्लोरब्यूटॉल ५ टक्के आणि टर्पेंटाइन तेल १५ टक्के असं असतं. काम करतं, पण कातडी नाजूक असेल तर चुणचुणतं. पाच दिवसांपुढं ओढू नका. जळजळ वाढली की बंद. सोडा बायकार्बचे थेंबही मिळतात, तेही मळ फोडतात, जास्त वापरले तर कातडी कोरडी करतात. कुठले थेंब सगळ्यात सरस, यावर २०१८ साली कॉक्रेन या वैद्यकीय प्रयोग पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासकांनी आधीचे सगळे प्रयोग एकत्र करून पाहिले, तर एकावर बोट ठेवता आलं नाही. म्हणून महागाच्या बाटलीचा आग्रह धरू नका. उघडलेली बाटली महिन्यानंतर टाकून द्या. मागच्या दिवाळीची बाटली घेऊन "अजून अर्धी आहे" म्हणत येणारे असतात.

दुसऱ्या दिवशी घोटाळा होतो. थेंब टाकल्यावर मळ फुगतो आणि होतं तेवढंही ऐकू येईनासं होतं. लोक घाबरून इथंच काडी घालतात आणि फुगलेला मळ थेट पडद्यावर नेऊन बसवतात. ऐकू कमी येणं अपेक्षित आहे, थेंब चालू ठेवा. दुखायला लागलं, चक्कर आली, पाणी यायला लागलं तर मात्र थांबा. पाच दिवसांनी कान मोकळा नाही झाला तर तसाच मऊ मळ घेऊन डॉक्टरकडं जा, त्यांचं काम सोपं झालेलं असतं.

घरी पिचकारी मारून घ्यायची असेल तर माझं मत सरळ आहे: मारू नका. बाहेरच्या देशांत रबरी फुग्याची पिचकारी घरी वापरतात, पण तीही पडदा शाबूत असेल तरच वापरायची असते. साखर असणाऱ्यांनी तर विचारही करू नये. मधुमेही माणसाच्या कानात पाण्यानं किंवा ओरखड्यानं सुरू झालेला संसर्ग हाडापर्यंत उतरू शकतो. रात्री झोपू न देणारी कानाची कळ आणि अंगात साखर, असं दोन्ही असेल तर थेंब-गोळ्या मागायला माझ्याकडं येऊ नका, दवाखान्यात जा.

दवाखान्यात

डॉक्टर सक्शननं ओढून काढतात, बारीक आकड्यानं ओढतात किंवा पिचकारी मारतात. तीनही रीती बरोबर आहेत, कान बघून ठरतं. पडद्याला भोक असल्याचं किंवा साखरेचं आपण होऊन सांगा, कुणी विचारायची वाट बघू नका. पिचकारीचं पाणी अंगाच्या उष्णतेएवढं, म्हणजे ३७ अंशांच्या आसपास लागतं. गार किंवा गरम पाण्यानं गरगरतं. व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांनी कान धुताना रुग्णांना येणाऱ्या याच चकरेवरून आतल्या कानाचं तोल सांभाळण्याचं काम उलगडलं आणि त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. तुम्हाला गरगरलं तर संशोधन करू नका, "डॉक्टर, पाणी गार लागायलंय" एवढं लगेच सांगा.

खाजगीत जायचं नसेल तर संभाजीनगरची घाटी, नांदेडला विष्णुपुरीचं, लातूरचं आणि अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज, इथं कान-नाक-घशाचा विभाग आहे.

बाजारात, जत्रेत सळई आणि चिमटा घेऊन कान साफ करणारे बसतात. तीच सळई दिवसभर सगळ्यांच्या कानात फिरते, आत उजेड टाकायची सोय नाही. कानात मेणबत्ती लावून मळ ओढायचा प्रकार मोबाइलवर दाखवतात. त्या नळकांडीत उरलेलं तपकिरी मेण मेणबत्तीचंच असतं, कानातलं नव्हे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं या प्रकाराविरुद्ध इशारा दिलेला आहे. हल्ली कॅमेरा लावलेलं कानकोरणं ऑनलाइन मिळतं, मोबाइलवर आतलं दिसतं. दिसतं म्हणून हात जास्त आत जातो. पडदा किती जवळ आहे, ते सपाट चित्रावर कळत नाही.

पुन्हा भरू नये म्हणून

एकदा कान मोकळा झाला की पुढचे दोन-तीन महिने खरी कसोटी. काडी घरातूनच काढून टाका. बायकांना काजळ पुसायला, लेकरांच्या जखमेला औषध लावायला लागते म्हणता, तर आरशाजवळून उचलून कपाटात वर ठेवा. हाताशी नसली की निम्मा हात आवरतो.

मळ सुका आणि कडक होणाऱ्यांनी, विशेषतः म्हाताऱ्या माणसांनी, डॉक्टरला विचारून आठवड्यातून एकदा झोपताना दोन थेंब तेल टाकायला हरकत नाही. ओला, चिकट मळ असणाऱ्यांना त्याची गरज नसते. आणि ज्यांना पूर्वी बुरशी झालीय त्यांनी तेल टाकूच नये, जून ते सप्टेंबरच्या दमटपणात तर नाहीच. रोज आंघोळीला तेल भरून कान धुवायची जुनी सवय बुरशीला आवतण देते.

पोहून आल्यावर डोकं एका बाजूला कलतं करून पाळी ओढा, पाणी निघेल. मग दुसरी बाजू. तरी ओलं वाटलं तर केस वाळवायचं मशीन सगळ्यात मंद करून हातभर लांबून अर्धा मिनिट फिरवा.

तपासणीची तारीख ठरवून टाका. मशीन लावणारे, प्लग घालणारे, नळी अरुंद असलेले आणि ज्यांचा कान दोनदा-तीनदा भरलाय ते, यांनी सहा महिन्यांनी एकदा. कान बंद व्हायची वाट बघायची नाही. नागपंचमीच्या आधी आणि संक्रांतीनंतर अशी खूण भिंतीवरच्या कालनिर्णयावर करून ठेवली की विसरत नाही. पुढं दोन खेपा कान मोकळाच निघाला तर मुदत वर्षाची करा.

एक राहिलं. शेतात झोपल्यावर कानात किडा जातो, आणि हालरवर काम करताना ज्वारीचा नाहीतर हरभऱ्याचा दाणा उडून जातो. दोन्हींत पहिली धाव पाण्याकडं असते. किडा जिवंत फडफडत असेल तर पाणी नको. पडदा शाबूत असेल तर कोमट तेलाचे थेंब टाका, तो मरेल आणि फडफड थांबेल. काढायला डॉक्टरकडंच जा. दाण्याला मात्र पाण्याचा थेंबही लावू नका, दाणा फुगतो आणि नळीत असा अडकतो की पुढं काढायला भूल द्यावी लागते. कान खाली करून हलक्या हातानं पाळी हलवा. पडला तर पडला, नाही तर तसाच दवाखाना गाठा.